अकराचा डबा

धारजवळची एक अख्खी बीड मी एका दुपारी, पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत, नकाशावरून पुसून टाकली.

मुद्दाम नाही. मुद्दाम पुसायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे नव्हती. बीड म्हणजे आमच्याकडे माळव्यात राखलेलं गवताचं रान. संस्थानांच्या काळी घोड्यांसाठी राखायचे. पुढे घोडे गेले, गवत राहिलं. मी देवासच्या एका लहानशा सरकारी कचेरीत उपग्रहाची चित्रं बघून देवास आणि धार अशा दोन जिल्ह्यांचे नकाशे करायच्या कामावर होतो. कुठे जंगल, कुठे शेती, कुठे पाणी, कुठे गवत, कुठे पडीक, ते रंग भरून दाखवायचं. त्या दिवशी मी मे महिन्याचं चित्र उघडलं होतं. मे महिन्याचंच का, तर तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, एक ढग आडवा येत नाही, आणि मला कामात आडवं येणारं काही आवडत नाही. मे महिन्यात त्या रानातलं गवत कापून झालेलं, उरलंसुरलं गुरांनी चरलेलं, आणि नुसती तांबूस जमीन उघडी पडलेली. कॉम्प्युटरनं विचारलं, हा रंग कशाचा? मी म्हटलं, पडीक. कॉम्प्युटर बिचारा सांगितलं की ऐकतो.

संध्याकाळी नकाशा छापून भिंतीवर लावला आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत उभा राहिलो, मुंजीतल्या बटूकडे आई बघते तसा. मागून नाना जगदाळे आले. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसायचं, म्हणून चष्मा कपाळावर चढवला आणि धारच्या खाली एका जागी बोट टेकवलं.

"पंत, इथे मी जेवलोय."

"बरं."

"बरं काय? पडीक जागेत जेवतो का मी?"

आमच्या कचेरीतला हा शास्त्रीय वाद होता. तो कसा, हे कळायला नाना कळायला हवेत.

नाना कचेरीतले जुने नकाशानवीस. कापडावर शाईनं नकाशे काढणाऱ्यांच्या पिढीतले शेवटचे. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांचे सोबती कोणी बदलीच्या, कोणी रजेच्या, कोणी रक्तदाबाच्या वाटेनं पांगले. नाना राहिले आणि शिकले. जुना माणूस म्हणजे यंत्रावर डूख धरून असणार, असं लोकांना वाटतं. नानांचं उलट होतं. उपग्रहावर त्यांचा जीव होता. त्याला ते 'वरचा' म्हणत, आणि घरातल्या थोरल्या पण जरा कमी ऐकू येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "वरच्याला दिसतं सगळं. पण काय दिसतंय ते त्याला खालून सांगावं लागतं."

खालून सांगायची त्यांची रीत म्हणजे डबा. ज्या जागी बसून डबा खाल्ला नाही, त्या जागेच्या रंगावर नाना सही करत नसत. नियमानं प्रत्यक्ष पाहणी सगळ्यांनीच करायची असते. मीही करायचो. बागलीच्या नाक्यावर जीप उभी करून, कचोरी खाता खाता, समोर दिसणाऱ्या टेकडीवरून मागच्या न दिसणाऱ्या दहा टेकड्यांची पाहणी मी केलेली आहे. नाना मात्र बसनं जात, फाट्यावर उतरत, चालत, आणि नकाशातल्या नेमक्या ठिपक्यावर पोचून तिथे फतकल मारून बसत. मग दोनशे पानी वहीत नोंद. एक मला पाठ आहे: 'बागलीच्या पुढे. सागाची सावली. डब्यावर ऊन नाही. मुंग्या फार. भाजी दोडक्याची.'

डब्यावर ऊन नाही म्हणजे डोक्यावर दाट झाड. अर्धा डबा उन्हात म्हणजे रान विरळ. गवताची उंचीही डब्यातच. चार कप्प्यांचा तो उभा पितळी डबा चांगला फूटभर होता. 'गवत अडीच डबे' असं लिहिलं की आम्ही मुकाट्यानं अडीच फूट धरायचो. आमच्या साहेबांनी एकदा गंमत म्हणून टेप घेऊन मोजलं आणि टेप परत खिशात घातली.

मी म्हटलं, "नाना, ते सगळं ठीक. भाजी कशाला लिहिता?"

"भाजीवरून महिना कळतो. तारीख खोटी लिहिता येते, दोडका नाही येत."

मला ते पंत म्हणायचे. माझे पणजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून होते, एवढ्या भांडवलावर. त्यांचे पणजोबा धारच्या पागेसाठी गवत कापून गंजी लावणाऱ्यांतले. "तुमच्या लोकांनी लिहायचं, आमच्या लोकांनी वाहायचं," ते म्हणायचे. रागानं नाही. हवामान सांगावं तसं. आणि पुढे, "फक्त तुमच्या पणजोबांना गवत आणि माती यांतला फरक कळत असावा, नाहीतर घोडे मेले असते भिया."

टोंकखुर्दच्या तलावाचं सांगायचं राहिलं. ते टाळणार होतो, पण देवासमध्ये अजून दोन-तीन माणसं आहेत ज्यांना ते ठाऊक आहे, तेव्हा माझ्याकडूनच कळलेलं बरं. तेव्हा आम्ही पडद्यावर दिसणाऱ्या तळ्यांच्या कडा हातानं गिरवून काढत होतो. टोंकखुर्दजवळ मला एक सुंदर लहानसं तळं सापडलं. गडद रंग, गोलसर कड, एका बाजूला शेपटीसारखा ओढा. मी मन लावून गिरवलं, नाव दिलं 'नवीन तलाव', आणि यादीत टाकलं. नाना डबा घेऊन गेले. संध्याकाळी परत आले, पायताणाला काळी माती.

"जेवलो तुझ्या तलावात."

"म्हणजे काठावर."

"मधोमध. सोयाबीन आहे. घोट्यापर्यंत." मग ते माझ्या टेबलापाशी आले, खिशातला रुमाल काढला, त्याचं टोक ओलं केलं आणि पडद्यावर एकदा फिरवलं. तलाव गेला. ओढाही गेला. नानांनी रुमाल नाकाशी नेला. "चिंचेची चटणी," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

तेव्हापासून कचेरीत कोणाचंही काम तपासताना आधी पडदा पुसायची पद्धत पडली. माझ्या मागे राहिलेलं माझं कायमस्वरूपी शास्त्रीय योगदान एवढंच.

पूर्वी नाना दुपारी एकला जेवायचे. मग त्यांना कळलं की ज्या उपग्रहाची चित्रं आपण वापरतो तो दर पाचव्या दिवशी आपल्या डोक्यावरून जातो, आणि जातो तो सकाळी अकराच्या सुमाराला. त्या दिवसापासून नानांचं जेवण अकराला. घरी, कचेरीत, लग्नात, सुतकातसुद्धा. घरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक पाचव्या तारखेला लाल वर्तुळ. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, म्हणायच्या, "आमच्या घरात दोन पंचांगं. एकादशी चुकेल, पण यांचा वरचा चुकायचा नाही." आणि वर्तुळाच्या दिवशी रानात असले, की अकराला पाच मिनिटं कमी असताना नाना खिशातून फणी काढून भांग पाडत.

"त्याला तुमचा भांग दिसत नाही नाना. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरांचा चौकोन. तुम्ही त्यात मुंगीएवढेही नाही."

"फोटो निघताना आपण नीट असावं. दिसणं न दिसणं त्याचं त्याच्याकडे."

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी उलगडली नाही. नाना काठीसारखे, आणि डबा चार कप्प्यांचा, काठोकाठ. निघताना प्रत्येक वेळी माझ्या टेबलाशी थांबून म्हणायचे, "चल पंत. काकूनं दोघांचं घातलंय." मी कधी पाठ दुखते म्हणायचो, कधी इंदूरला काम आहे म्हणायचो, एकदा तर एकाच आत्याच्या मुलाचं लग्न दोनदा सांगितलं. नाना मान डोलवून निघून जायचे. आणि संध्याकाळी डबा धुतल्यासारखा रिकामा. आम्ही मागे म्हणायचो, अंगकाठी बघा आणि पोट बघा.

तर बीड.

ती बीड म्हणजे नानांच्या घराण्याची. मालकीची नव्हे, घामाची. पणजोबांपासून वडलांपर्यंत सगळे तिथे विळा घेऊन वाकलेले. वडलांना ते जुन्या पद्धतीनं तीर्थरूप म्हणत. "तीर्थरूप सांगायचे, भादव्यात विळा लावायचा नाही. पाहुणे असतात." पाहुणे म्हणजे तणमोर. इकडे खरमोर म्हणतात. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात येतो, गवतात पिल्लं काढतो आणि जातो. नर काळा-पांढरा, मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ वर उसळतो, पुरुषभर, आणि पुन्हा गवतात पडतो. हे मी ऐकून लिहितोय. का ऐकून, ते पुढे येईल.

माझा तो मे महिन्याचा नकाशा भिंतीवर लागला त्याच आठवड्यात भोपाळहून पत्र आलं. दोन्ही जिल्ह्यांतल्या पडीक जमिनींची यादी हवी. पडीक जागेवर सौरऊर्जेच्या प्लेटा बसवायच्या होत्या. काम चांगलंच, पण यादी नकाशावरून होणार होती, नकाशा पितृपक्षाच्या आत भोपाळला जाणार होता, आणि माझ्या कृपेनं त्यात ती बीड पडीक होती. नाना त्याच सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांच्या हातात एकच पावसाळा.

ते वह्यांचा गठ्ठा घेऊन साहेबांकडे गेले. साहेब उज्जैनचे, सज्जन, हिंदी बोलणारे. त्यांनी चार पानं वाचली.

"नानाजी, आपकी कॉपी मैं मानता हूँ. भोपाल नहीं मानेगा. वहाँ कौन समझेगा कि ढाई डिब्बे घास क्या होती है? इमेज में हरा दिखा दीजिए, मैं उसी दिन बदल दूँगा."

साहेबांचं चूक नव्हतं. अडचण आभाळाची होती. ते गवत हिरवं असतं आषाढापासून भादव्यापर्यंत, आणि तेव्हाच माळव्यावर ढग बसलेले असतात. आभाळ उघडं तेव्हा गवत नाही, गवत तेव्हा आभाळ नाही. वरच्यानं ती बीड आजवर कधी हिरवी बघितलीच नव्हती. पावसाळ्यातल्या एका तरी वर्तुळाला, अकराच्या ठोक्याला, त्या एवढ्याशा जमिनीवरचं आभाळ फाटायला हवं होतं.

नाना दर पाचव्या दिवशी जाऊ लागले. पहाटेची बस, इंदूरला बदलायची, धारला उतरायचं, पुढे चालत. त्यातही त्यांनी एक भर घातली. धारला त्यांच्या मावसभावाचं टेंट हाउस होतं. चातुर्मासात लग्नं नसतात, मांडवाची पांढरी छतं नुसती पडून. नानांनी त्यातली चार जोडून शिवून घेतली आणि रानाच्या कडेला, एका खडकाळ टेकाडावर, पाहुण्यांपासून लांब, पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायला सुरुवात केली. वीसेक पावलं लांब, तेवढंच रुंद.

"हे कशाला?"

"तुला कळावं म्हणून. पांढरं दिसलं की समज, तिथे नाना जेवतायत. मग त्याच्या शेजारच्या हिरव्याला पडीक म्हणायची तुझी छाती होणार नाही."

आषाढातली वर्तुळं ढगात गेली. श्रावणातलीही गेली. नाना भिजून परत येत, छत टेंट हाउसच्या माडीवर वाळत घालून येत, आणि माझ्या टेबलाशी एकच शब्द टाकून जात: "झाकलेलं." एकदा म्हणाले, दहाला ऊन होतं, साडेदहाला ऊन होतं, अकराला पाच कमी असताना भांग पाडला आणि ढग आला. मी हसलो. नाना हसले नाहीत. वर्तुळं संपत आली होती.

भादव्याच्या सुरुवातीला, अकराला, माझा फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि त्यात नाना ओरडतायत. "पंत! उघडलंय! डब्यावर माझी सावली पडलीय! निघाला फोटो!"

दुसऱ्या दिवशी चित्र हाती आलं. इथे माझी दुसरी चूक सुरू होते, आणि पहिलीपेक्षा ती जास्त सुबक आहे.

पावसाळी चित्रातले ढग आधी कापून टाकायचे असतात. कॉम्प्युटरला ढगाची खूण सांगून ठेवलेली असते: जे फार पांढरं, ते ढग. ढगाच्या कडा पुसट असतात, म्हणून भोवतालचंही थोडं कापायचं. थोडं म्हणजे किती, हे आपण ठरवायचं. शहाणी माणसं शंभर-दोनशे मीटर ठरवतात. मी एक किलोमीटर ठरवलं होतं, कारण मग कडा तपासत बसावं लागत नाही. कापलेल्या भोकात जुन्या नकाशातला रंग आपोआप भरला जाई.

त्या दिवशी धार जिल्ह्यावर तुरळक ढग होते. चार-पाच भोकं पडली. मी मोजली नाहीत. दोन दिवसांत नवा नकाशा तयार झाला, मी छापला, भिंतीवर लावला, आणि आज नाना खूश होणार म्हणून दोन कचोऱ्या जास्त मागवल्या.

नाना आले. चष्मा वर. बोट धारच्या खाली. बोट तिथेच राहिलं.

"माझं छत कुठाय?"

मी बघितलं. बीड पडीक होती. जशीच्या तशी, मे महिन्यातली, तांबूस.

"त्या दिवशी तर उघडलं होतं ना?" मी विचारलं. असं विचारायची हिंमत मला कशी झाली कोण जाणे.

"पंत, मी तिथे होतो. तू नव्हतास. मूळ चित्र उघड."

उघडलं. पडद्यावर हिरवंगार रान, आणि त्याच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका. कॉम्प्युटरनं नानांचं छत ढग म्हणून कापलं होतं, आणि माझ्या किलोमीटरच्या उदारपणानं त्याबरोबर सगळी बीड. नानांनी खिशातून रुमाल काढला, टोक ओलं केलं, पांढऱ्या पुंजक्यावरून फिरवलं. तो गेला नाही. पुन्हा फिरवलं.

"चटणी नाहीये ही," ते म्हणाले.

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि रुमालाची घडी घालू लागले. घडी झाली की मोडून पुन्हा घालत. कचोऱ्यांचं कागदी पुडकं मधे पडून होतं. कोणी उघडलं नाही.

मी उठलो आणि साहेबांच्या खोलीत गेलो. नकाशा त्या संध्याकाळी भोपाळला निघायचा होता. सगळं सांगितलं: मे महिना, पांढरं छत, एक किलोमीटर, आळस. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"दो बार?"

"जी."

"एक ही जगह?"

"जी."

त्यांनी भोपाळची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, "नक्शा बदल दूँगा. पर रिकॉर्ड में दो बार पड़ती चढ़ चुकी है, भोपाल पूछेगा क्यों. नानाजी के दस्तखत से नहीं चलेगा. जिसने मिटाया है, वही जाकर खड़ा हो, अपनी आँख से देखे, अपने हाथ से लिखे. पाँच दिन रोक सकता हूँ, उससे ज़्यादा नहीं."

बाहेर येऊन नानांना सांगितलं. त्यांनी दिनदर्शिकेकडे पाहिलं. "परवा वर्तुळ आहे," ते म्हणाले. आणि पुढे, "काकूला सांगायला नको काही. ती दोघांचंच घालते."

नाना महिनाअखेर निवृत्त झाले आणि काकूंसह बडोद्याला लेकीकडे गेले. तिकडून दर पाचव्या दिवशी, अकरा वाजून गेले की, माझ्या फोनवर एक शब्द यायचा. 'उघडं.' किंवा 'झाकलेलं.' मी उत्तर द्यायचो, 'इथेही.' असं तीन पावसाळे चाललं. चौथ्यात शब्द यायचे थांबले, आणि दोन वर्तुळांनंतर लेकीचा फोन आला. बडोद्याला मी गेलो नाही. त्यालाही काहीतरी कारण होतं. त्यामुळे माझ्यापाशी नाना आहेत ते त्या परवाचेच.

बस धारला पोचली तेव्हा आभाळ अर्धं मिटलेलं. चिखलातून दीड तास चाललो. नाना पुढे, डबा हातात, मागे वळून न बघता सांगत: इथे खड्डा, इथे काटा, इथे तू पडशील. पडलो. रानाच्या कडेशी पोचलो. ज्या जागेला मी दोनदा पडीक म्हटलं होतं तिथे कमरेपर्यंत गवत वाऱ्याबरोबर एकदा इकडे, एकदा तिकडे होत होतं, नजर पोचेल तिथवर. मी अठरा वर्षं नकाशे केले. गवत हलतं, हे मला चित्रात कधी दिसलं नव्हतं.

टेकाडावर बसलो. त्या दिवशी छत नव्हतं; गरज नव्हती. अकराला पाच कमी असताना नानांनी फणी काढली, भांग पाडला, मग माझ्याकडे बघितलं. मला टक्कल आहे.

"तुला काय विंचरायचं. वरच्याला तू पडीकच दिसणार."

डबा उघडला. पोळ्या, गिलक्याची भाजी, लसणाची चटणी, दही-भात. मी चिखलातून चाललो होतो, मला सपाटून भूक लागली होती, आणि काकूंच्या हाताला चव होती. मी माझ्या वाटचं संपवलं, बोटं चाटली. मग पाहणीचा कागद मांडीवर घेतला. 'जागेवर काय दिसले' या रकान्यात लिहिलं: 'गवत. अडीच डबे.' खाली सही. नानांनी कागद घेतला, दोनदा वाचला, 'अडीच'वर बोट ठेवून गवताकडे पाहिलं, म्हणाले, "पावणेतीन." मी दुरुस्त केलं. पावसानं भिजू नये म्हणून त्यांनी तो घडी करून डब्याच्या वरच्या रिकाम्या कप्प्यात ठेवला आणि झाकण लावलं. त्याच कागदाच्या आधारे पुढे नकाशा बदलला. तिथला रंग आज हिरवा आहे.

एवढ्यात खालून एक म्हातारा मेंढपाळ वर आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आम्ही दोघं बघून थबकला.

"आ भेरू, बैठ," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला जरा ओशाळलेले दिसले. "भिया, आज डब्बा खाली है."

भेरूनं माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कप्प्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "तो ये हे वो पंतजी?"

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. काठीसारखे नाना, काठोकाठ डबा, संध्याकाळी धुतल्यासारखा रिकामा. तिकडे माझी पाठ दुखायची, तिकडे माझ्या आत्याच्या मुलाचं लग्न निघायचं, आणि रानोरानी माझा वाटा कोणीतरी खायचं; इथे हा माणूस. मी मान खाली घातली आणि फोन काढला. जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे होते, निदान तसं दाखवायचं होतं.

"पंत!" नानांनी माझा दंड धरला. "पंत, समोर!"

मी डोकं वर केलं. गवत. वारा. नाना उभे राहिले होते, भांग पाडलेला, एक हात माझ्या दंडावर, दुसरा पुढे केलेला, चष्मा कपाळावर आणि चेहरा असा, की लहानपणी हरवलेलं कोणी गर्दीत दिसावं. लांबचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे. पण ते बघत होते.

"उडला का?" मी विचारलं. "कुठे?"

"दो बार," भेरू म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता, सावकाश, खालपासून वरपर्यंत, मोकळ्या डब्यापासून माझ्या हातातल्या फोनपर्यंत. मग नानांकडे वळला.

"नानाजी, रोटी तो पूरी खा ग्या, ने खरमोर देख्यो नी. अब इनके मत लाना."